बाकावरची शेवटची जागा

द्वारकाबाईनं नवऱ्याचा पाय मांडीवर ओढून घेतला आणि वजरीनं असा काही घासायला लागली, की धर्मराज मास्तर खाटेवर निम्मे आडवे झाले.

“अगं, कातडं तरी ठिवशील का न्हाई?”

“गप बसा. उद्या बारा जणांत बसायचंय तुम्हाला. रखमाजीच्या रांगेत असे पाय ठिवले तर लोक म्हणतील, मास्तरनं वावरातली ढेकळं आणून ठिवली बाकावर.”

मास्तर हसले. हसले की त्यांना खोकला यायचा, तसा तो आला. द्वारकाबाईनं खोकला थांबेपर्यंत वजरी धरून ठेवली आणि मग दुसरा पाय ओढला. सोडणारी बाई ती नव्हतीच.

उद्या गुरुवार होता. उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी लिंबेवाडीच्या ख्रिस्ती मंडळीत पाय धुण्याची उपासना व्हायची. प्रभूनं शेवटच्या जेवणाच्या वेळी कमरेला पंचा बांधून आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. जालन्याचे पाळकसाहेब दमणीतून यायचे, झगा काढून ठेवायचे, पितळी तस्त पुढ्यात घेऊन गुडघ्यावर बसायचे आणि बाकावरच्या बारा माणसांचे पाय एकामागून एक धुवायचे, पुसायचे. निजामाचं राज्य, अंबड तालुक्यातलं आडबाजूचं खेडं. जिथं या माणसांची सावलीही गावाला चालत नव्हती, तिथं एक शिकलासवरला माणूस त्यांच्या पायांना हात लावायचा. ही लहानसहान गोष्ट नव्हती. पहिल्या वर्षी म्हातारी माणसं बाकावर बसून हमसून हमसून रडली होती.

पण पुढं त्या बाकाला मान चिकटला. कोणी बसायचं, कोणी कोणाच्या वर बसायचं, यावरून रुसवेफुगवे होऊ लागले. पहिली जागा पंच रखमाजीची, तिच्याकडं कोणी बघायचंसुद्धा नाही. आणि पाळकसाहेबांपुढं मळके पाय कसे न्यायचे म्हणून बाराही जण घरूनच पाय धुऊन, घासून, तेल चोपडून यायचे. रखमाजी तर त्यासाठी जालन्याहून वासाचा साबण आणायचा, आणि धूळ लागू नये म्हणून घरापासून प्रार्थनामंदिरापर्यंत बैलगाडीत बसून यायचा. हे अंतर एवढं, की बैल उठून उभे राहीपर्यंत माणूस चालत पोचला असता. बाराव्या माणसाचे पाय धुऊन झाले तरी तस्तातलं पाणी असं निवळ राहायचं, की त्यात डाळ शिजवावी. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. पाय धुऊन घ्यायला जायचं तर पाय धुऊनच गेलं पाहिजे, असं सगळ्या मंडळीचं मत होतं. द्वारकाबाईचंही तेच, म्हणून तर वजरी चालली होती.

राहिलेलं वर्षभर लिंबेवाडीत पाय धुण्याचं काम एकच माणूस करायचा, आणि त्यात कोणाला मान वाटत नव्हता.

मिशननं धर्मराज मास्तरांना इथं पाठवलं ते पोरांना बाराखडी शिकवायला आणि रविवारी उपदेश करायला. त्याला वीसेक वर्षं होऊन गेली होती. पण बारवेचं आणि डोहाचं पाणी पिणाऱ्या त्या मुलखात नारूनं माणसं जायबंदी केली होती. पायाला फोड यायचा, फुटायचा आणि आतून दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. घाईनं ओढला की तुटायचा, आणि तुटला की पाय सडायचा. मास्तर तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढायचे, जखम कोमट पाण्यानं धुवायचे, धडपा फाडून पट्टी बांधायचे. हे करा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दिवस कलला की त्यांच्या ओट्यावर पाय येऊन बसायचे. अलीकडच्या वस्तीतल्यांचे यायचे, ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्यांचे यायचे, एखाद्या वेळी तोंडावर पटका ओढून आलेल्या पाटलाच्या सालगड्याचेही यायचे. मास्तर प्रत्येकापुढं खाली बसायचे आणि पाय हातात घेण्याआधी क्षणभर डोळे मिटायचे. द्वारकाबाईनं एकदा विचारलं होतं, एवढं काय पुटपुटता. ते म्हणाले होते, “काही न्हाई. प्रभू, हा तुझाच पाय, एवढंच.”

असा माणूस. आणि गुरुवारच्या बाकावर तो एकदाही बसला नव्हता. एका वर्षी कारभारी नावाचा पंच रुसला म्हणून मास्तरांनी आपली जागा त्याला दिली, दुसऱ्या वर्षी कोणाचा जावई आला म्हणून दिली, आणि मग ती त्यांची जागा राहिलीच नाही. दर गुरुवारी ते चुलीवर पाणी तापवायचे आणि पंचा धरून पाळकसाहेबांच्या मागं उभे राहायचे. “मास्तर, पाणी आणा,” असं रखमाजी बाकावरून हुकूम सोडायचा, तेव्हा बायकांत बसलेल्या द्वारकाबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. नारू झाला तेव्हा रखमाजीचा आख्खा पावसाळा मास्तरांच्या ओट्यावर गेला होता, त्याला उभं केलं ते या माणसानं!

यंदा मात्र तिनं हे होऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. ईस्टरनंतर लिंबेवाडीत नवा मास्तर यायचा होता. हे दोघं शहागडला तिच्या भावाकडं राहायला जाणार होते. म्हणजे हा शेवटचा गुरुवार. नाताळात पाळकसाहेब जेवायला आले, तेव्हा तिनं त्यांच्या ताटात भाकर टाकता टाकता सरळ विषय काढला. ह्या वर्षी बारावी जागा आमच्या मास्तरची, तसं कबूल करा, तरच दुसरी भाकर. पाळकसाहेब हसले, कबूल झाले. मास्तरांकडूनही तिनं वचन घेतलं. एकदा, फक्त एकदा, या लोकांनी तिच्या नवऱ्याला वर बसलेला बघावं, एवढंच तिला हवं होतं. स्वर्गात मान मिळेल हे तिला ठाऊक होतं, पण तिथं बघायला रखमाजी असेलच याची तिला खात्री नव्हती.

गुरुवारी दुपारी जालन्याहून शहागडला माल नेणारा महेमूद छकडेवाला दारात थांबला. खाली न उतरताच त्यानं सांगितलं, “मास्तर, पाळकसाब बुखारमें पडे हैं. मेरेकू बोले, मास्तरकू बोल, आज तुमीच सबके पाँव धोव.”

मास्तरांचा चेहरा असा उजळला, की द्वारकाबाईला रडूच फुटायचं बाकी राहिलं.

“म्या धुवायचे? असं म्हणाले?”

“हौ, बराबर ऐसाच बोले,” असं म्हणून महेमूदनं बैल हाकले.

“आन् तुमचे पाय कोण धुणार मंग?” द्वारकाबाई कडाडली. “रात्री बसून घासले ते काय मह्या समाधानासाठी?”

“अगं, जो धुतो त्याचे कोण धुतंय?”

“व्वा! म्हंजे यंदा बी खालीच बसा. त्या रखमाजीच्या वासाच्या साबणाला हात लावा. मह्या नशिबात एक दिस बी न्हाई तुम्हाला वर बसलेलं बघायचा.”

मास्तर दारातून मागं वळले. ते तिच्याजवळ आले. “वचन मोडलं म्या तुझं, खरंय. पण प्रभूनं मला पाण्याशी बोलावलं, बाकावर न्हाई बोलावलं. म्या न्हाई कसा म्हणू?”

तिनं भांडी आपटली. दुपारभर आपटली. आणि मग घागर उचलून ओढ्यातल्या झिऱ्यावर गेली, कारण पाणी तर लागणारच होतं.

ऊन उतरल्यावर मंडळी जमली. बायका एका अंगाला जाजमावर, पुरुष दुसऱ्या अंगाला. उंबऱ्याजवळ ओढ्यापलीकडचा कडूबा पायाला नारूची काडी बांधून बसला होता. बाप्तिस्म्यानं ओढ्याच्या दोन्ही अंगांच्या, दोन जातींच्या वस्त्या एक झाल्या होत्या, पण बसायच्या जागा काही एक झाल्या नव्हत्या. कडूबाला आत ये असं कोणी म्हटलं नव्हतं, बाहेर बस असंही म्हटलं नव्हतं. शाळेचे दोन बाक जोडून मांडले होते. त्यावर अकरा माणसं धुतलेले पाय जपून, जरा अधांतरी धरून बसली होती. शेवटची जागा मास्तरांची म्हणून रिकामी होती.

गीत झालं, प्रार्थना झाली. मास्तरांनी पाळकसाहेबांच्या तापाची गोष्ट सांगितली, कोट काढला, कमरेला पंचा बांधला आणि तस्त घेऊन रखमाजीपुढं गुडघ्यावर बसले.

रखमाजीनं पाय मागं घेतले.

“मास्तर, राग धरू नका,” तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता, आवाजही खाली होता. “पण पाळकसाहेबांची गोष्ट अलग. त्यांचा हात लागणं म्हंजे मोठी गोष्ट हाये. तुम्ही काय, तुम्ही रोजच धुता. त्याच्यासाठी बाकावर कशाला बसायचं? पुढल्या साली साहेब येतील तवा बघू.”

आणि तो उठला. त्याच्या पाठोपाठ कारभारी उठला. मग बाकीच्यांनी एकमेकांकडं बघितलं. पहिला माणूस उठल्यावर आपण बसून राहिलो तर आपलीच किंमत कमी, हा हिशोब प्रत्येकाच्या तोंडावर दिसला. माळ तुटल्यावर मणी जावेत तसे ते एकेक करून खाली जाजमावर येऊन बसले. कोणी काही वावगं बोललं नाही. बाक तेवढा रिकामा झाला.

मास्तर गुडघ्यावरच होते. रिकाम्या बाकापुढं, तस्तात हात घालून. त्यांची मान खाली होती आणि द्वारकाबाईला त्यांची फक्त पाठ दिसत होती. सदऱ्यावरचं तिनंच लावलेलं ठिगळ दिसत होतं. तिला वाटलं, आता उठावं, त्यांच्या दंडाला धरावं आणि या लोकांच्या तोंडावर तस्त उपडं करून सरळ घरी घेऊन जावं. जन्मभर ज्यांचं पू-रक्त उपसलं त्यांनी हे पांग फेडले!

पण मास्तर उठेनात. ते रागावले नव्हते हे तिला पाठीवरूनही कळलं, त्या पाठीचा राग ती ओळखत होती आणि तो वर्षातून एकदाही यायचा नाही. ते नुसते वाट बघत होते. कोणी येईल, असं त्यांना खरोखरच वाटत होतं. कोणी आलं नाही तर हा माणूस उजाडेपर्यंत असाच बसून राहील, हेही तिला कळलं.

“पाणी निवून चाललंय,” मास्तर हळूच म्हणाले. कोणाला उद्देशून म्हणाले, देव जाणे.

द्वारकाबाई उठली.

बायकांत कुजबूज झाली. बाकावर आजवर बाई बसली नव्हती. आणि ही तर बायको! नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा म्हणजे काय, हे त्या जाजमावरच्या प्रत्येक बाईला आईनं लहानपणीच सांगून ठेवलं होतं. त्याहून मोठं पाप बाईच्या पदरी पडत नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं बरंच काही धुऊन निघालं होतं, हे निघालं नव्हतं. द्वारकाबाईनं स्वतः कधी झोपेत नवऱ्याला पाय लागला तर उठून त्यांना हात जोडले होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळी मंडळी बघत होती, रखमाजी बघत होता. नवऱ्याला वर बसवायला निघालेली ही बाई आता त्याला आपल्याच पायाशी बसवायला चालली होती.

ती गेली आणि शेवटच्या, रिकाम्या ठेवलेल्या जागेवर बसली. पदर नीट केला. समोर भिंतीकडं बघत राहिली.

“काय बघून राह्यले सगळे?” ती म्हणाली. आवाज फुटला, पण तिनं तो ओढून धरला. “पाणी हाये, धुणारा हाये. ज्याचे पाय मळलेत त्यानं यावं की.”

मग बायकांतून चतुराबाई उठली. म्हातारी विधवा, डोळ्यांनी अधू. चाचपडत आली आणि द्वारकाबाईला खेटून बसली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. पुरुषांतून एक सालदार उठला, तो थेट शेतातून आला होता आणि त्याच्या पोटऱ्यांपर्यंत माती होती. मास्तरांनी मान वळवून उंबऱ्याकडं बघितलं.

“कडूबा, ये.”

“मास्तर, माहा पाय असा...”

“म्हणूनच ये. तस्तात न्हाई बुडवत, वरून पाणी सोडतो. रोजच्यासारखं.”

कडूबा लंगडत बाकाच्या पहिल्या टोकाला येऊन बसला. रखमाजीच्या जागेवर. ती कोणाची जागा हे त्याला माहीत असतं तर तो मेला तरी बसला नसता, पण उंबऱ्यावरून बाक नीट दिसायचा नाही.

मास्तरांनी डोळे मिटले, ओठ हलले, आणि त्यांनी कडूबाचा पाय हातात घेतला. काडीला धक्का न लावता लोट्यानं पाणी सोडलं, बोटांच्या बेचक्यातली माती काढली, पंच्यानं टिपून घेतलं. मग पुढचा पाय. सगळे मळलेले होते. तस्तातलं पाणी लालकाळं झालं, लोट्यातलं संपलं. मास्तरांनी इकडंतिकडं पाहिलं. दरवर्षी पाणी आणणारे तेच होते आणि आज ते गुडघ्यावर होते. मागं काहीतरी हाललं. रखमाजी उठून बाहेर चुलीकडं गेला आणि तापलेल्या पाण्याची घागर घेऊन आला. कोणाकडं न बघता त्यानं ती मास्तरांशेजारी ठेवली आणि तिथंच उभा राहिला. आपल्याला खाली बसावं वाटतंय का पळून जावं वाटतंय, हे बहुधा त्यालाच कळत नव्हतं.

मास्तर जवळ जवळ येत होते तसा द्वारकाबाईचा जीव गोळा होत होता. बाकावर माणसं आली होती, तिचं काम झालं होतं. आता उठायला काय हरकत होती? तिनं उठण्यासाठी बाकावर हात टेकला. चतुराबाईनं तिचं मनगट घट्ट धरलं.

“बस,” म्हातारी पुटपुटली. “तू उठलीस तर म्या बी उठन. मला बी काय कमी लाज वाटून राह्यली?”

मग मास्तरांनी चतुराबाईचे पाय पुसले आणि तस्त सरकवलं. द्वारकाबाईनं पाय पातळाखाली ओढून घेतले होते. मास्तर थांबले. त्यांनी डोळे मिटले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग तिचा उजवा पाय हातात घेतला आणि उजेडाकडं वळवला.

आणि तसेच राहिले.

टाच चिरफाळली होती. भेगा अशा खोल, की त्यांत मेण आणि राळ भरून भरून कडा काळ्या दगडासारख्या झाल्या होत्या, आणि एका भेगेतून आजच्या खेपेचं ताजं रक्त आलं होतं. ओढ्यातले धोंडे तुडवत, डोक्यावर घागर घेऊन, गावाच्या जखमांना लागणारं पाणी वीस वर्षं या पायांनी आणलं होतं. मास्तरांनी अंगठा त्या भेगेवरून फिरवला. जखमेचा पाय कसा धरायचा हे त्या हातांना चांगलं ठाऊक होतं, पण आता ते हात पुढं सरकेनात.

“हे कवापासून?”

“काय म्हाईत. लई दिस झाले.”

“बोलली न्हाईस.”

“तुम्हाला सवड व्हती कुठं?” ती म्हणाली. टोमणा मारायचा म्हणून म्हणाली नाही, जे होतं ते सांगितलं.

मास्तरांची मान खाली गेली. सगळ्या मंडळीला ऐकू जाईल अशा आवाजात, उपदेश करताना कधी निघाला नव्हता अशा आवाजात, ते म्हणाले, “मुलखाचे पाय पाह्यले म्या. घरातले न्हाई पाह्यले. देवा, हे घरातले न्हाई पाह्यले म्या.” आणि ते रडायला लागले. पाणी तस्तात पडत होतं आणि तिच्या पायावर पडत होतं.

द्वारकाबाईनं भिंतीवरची नजर काढून पहिल्यांदाच खाली बघितलं. पांढरं झालेलं डोकं, वाकलेली मान, तिच्या पायाभोवतीचे ते ओले हात. तिला वाटलं होतं की या घडीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. तसं काहीच वाटेना. उलट, या माणसाला वर बसलेलं बघायचं आपल्या मनात होतं तरी कशाला, हेच तिला आठवेना. याच्याहून वर तो बसणार तरी कुठं होता?

ती वाकली आणि तिनं पदरानं त्यांचे डोळे पुसले. चारचौघांत, अगदी सावकाश.

“पाह्यले न्हवं आता?” ती म्हणाली. “मंग धुवा. बराबर धुवा, जल्दी करू नका. लोक थांबतील.”